अक्षरांनी दिलेला भरवसा

चिपळूणच्या बाजारपेठेत मी आधी पाट्या रंगवल्या आणि पुढे त्याच भागात संगणकावर डिझाइनचं काम सुरू केलं. आयुष्याची निम्म्याहून अधिक वर्षं या धंद्यात गेली. आता कला महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली मुलं-मुली कधी काम मागायला, कधी आपलं काम दाखवायला येतात. हात चांगला असतो, संगणक माझ्यापेक्षा कितीतरी जास्त येतो. तरी काम पुढे ठेवताना आवाज खाली जातो. "तसं काही खास नाही, पण..." अशी सुरुवात होते. मग जाता जाता प्रश्न येतो, "काका, तुम्हाला आत्मविश्वास कधी आला?" याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून जे अनुभवातून कळलं ते मांडतो आहे.

शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या. स्मरणचित्र, वस्तुचित्र, संकल्पचित्र असे पेपर असायचे आणि भूमितीबरोबर अक्षरलेखन. बाकीच्या मुलांना तो शेवटचा पेपर रुक्ष वाटायचा, मला तोच आवडायचा. पट्टी, पेन्सिल आणि अक्षर. घरी मात्र चित्रकलेकडे कुणी धंदा म्हणून पाहत नव्हतं. आमच्याकडे मुलगा शिकला की मुंबई गाठायची, नाहीतर लोट्याच्या एमआयडीसीत चिकटायचं, असा सरळ हिशेब. "ब्रश घेऊन कुणाचं घर चाललंय?" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की काही काळ तेच खरं वाटत होतं. माझा पहिला अविश्वास असा बाहेरून आला होता. तो माझा स्वतःचा नव्हता, हे कळायला वेळ लागला. आज मी मुलांना आधी हेच विचारतो, की ही भीती तुझी आहे की कुणाकडून घेतलेली? पुष्कळदा ती घरातून, शेजारातून, एखाद्या शिक्षकाच्या जुन्या शेऱ्यातून आलेली असते.

बाजारातल्या एका पेंटरकाकांकडे मी हाताखाली राहिलो. पहिले बरेच महिने अक्षराला हात लावू दिला नाही. पत्रा पॉलिश पेपरने घासायचा, रेड ऑक्साइड मारायचा, ते सुकलं की पांढऱ्या इनॅमलचे दोन हात द्यायचे. संध्याकाळी टर्पेंटाइनमध्ये ब्रश धुऊन, केस बोटांनी सरळ करून ठेवायचे. मग दोरी मारायला शिकवली. खडूच्या भुकटीत घोळवलेली दोरी दोन टोकांना ताणून धरायची, मधोमध उचलून सोडायची, पत्र्यावर सरळ रेघ उमटते. एक रेघ शिरोरेषेची, एक तळाची. त्यानंतर काका खडूने अक्षरं मांडायचे, कडा ओढायचे आणि मी आतला भाग भरायचो. कडेच्या आत राहून भरणं हे काम कंटाळवाणं दिसतं, पण त्यातून हात स्थिर होतो. रंग किती घ्यायचा, ब्रश कधी वळवायचा, श्वास कुठे सोडायचा, हे सांगून येत नाही.

काकांची एक सवय मला पुढे जन्मभर पुरली. थोडं काम झालं की ते ब्रश खाली ठेवायचे, रस्ता ओलांडून समोरच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहायचे आणि तिथून पाटी पाहायचे. मला म्हणायचे, "पाटी आपण वीतभर अंतरावरून लिहितो, लोक वीस पावलांवरून वाचतात. नाक लावून बघशील तर सगळं वाकडंच दिसेल." नवशिक्याची निम्मी घालमेल त्या वीतभर अंतरातून येते. ब्रशचा एखादा केस सुटलेला, कडेला रंगाचा कण बसलेला, एवढंच डोळ्यांत भरतं आणि सगळं काम फसलंसं वाटतं. लांब गेलं की खरी चूक दिसते आणि खोटी गळून पडते. दोन्हींतला फरक कळू लागला की मन बरंच शांत होतं.

कडा ओढायची परवानगी मिळाली, तेव्हाची एक पाटी नीट लक्षात आहे. नावात 'वाशिष्ठी' होतं. आमच्या नदीचं नाव, चिपळुणात जागोजागी दिसणारं, पण रंगवायला अवघड. सुरुवातीच्या 'वा'ला सरळ काना. मग 'शि'ची वेलांटी वरून मागे येते. पुढे अर्धा 'ष' त्याचा काना टाकून 'ठ'ला चिकटतो आणि त्या 'ठ'चं पोट गोल. शेवटी दीर्घ वेलांटीचा उभा दांडा. मी फूटपट्टीने सगळ्या जागा सारख्या घेऊन खडूने अक्षरं मांडली. रस्त्यापलीकडे गेलो तर नाव मध्येच फाटल्यासारखं वाटत होतं. गोल पोट आणि उभा दांडा यांच्यामध्ये वर-खाली पोकळी राहते, त्यामुळे मोजून सारखी ठेवलेली जागाही तिथे जास्त दिसते. शेजारी दोन उभे दांडे आले तर त्याच मापात ते एकमेकांना खेटून उभे राहतात. खडू पुसला, 'ठ' आणि दांडा जवळ आणले, कान्याला थोडा श्वास दिला. आता मापं सारखी नव्हती, पण नाव सलग वाचता येत होतं.

रंगवून झाल्यावर मालक पट्टी घेऊन आले. माणूस काटेकोर. "इथे कमी, तिथे जास्त, असं का?" असं त्यांनी विचारलं. मी त्यांना समोर घेऊन गेलो आणि मापाला सारखं अन् डोळ्याला सारखं यांत काय फरक पडतो ते सांगितलं. त्यांनी दोनदा पाहिलं, मान हलवली आणि पैसे दिले. त्या दिवशी माझ्यात काहीतरी बदललं. पाटी चांगली झाली याचा आनंद होताच, पण जे केलं ते का केलं हे मला सांगता आलं, याचा आधार त्याहून मोठा होता. आजही माझ्या लेखी आत्मविश्वासाची व्याख्या एवढीच आहे: आपल्या कामातल्या प्रत्येक निर्णयाचं कारण आपल्याला ठाऊक असणं. 'मला छान येतं' ही भावना सकाळी असते, दुपारी नसते. कारण मात्र कुठे जात नाही.

पाटी रंगवणाऱ्याला एकांत मिळत नाही. शिडीवर चढलं की खाली माणसं जमतात. चहा पिणारा थांबतो, रिक्षावाला थांबतो, प्रत्येकाला मत असतं. "लाल घाला ओ, उठून दिसेल." "अक्षर जरा मोठं नाय का होत?" सुरुवातीला प्रत्येक वाक्याने हात अडखळायचा. पुढे मी एक चाळणी लावली. कुणी रंग-रूपाबद्दल बोललं तर ऐकून घ्यायचं आणि काम चालू ठेवायचं, कारण ती त्यांची आवड. पण कुणी वाचण्याबद्दल बोललं तर शिडीवरून उतरायचं. एकदा गावाकडून बाजाराला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी पाटीतला 'ध' 'घ'सारखा वाचला. बाईंना कलेतलं काही कळत असेल-नसेल, पण पाटी त्यांच्यासाठीच होती. मी वरची गाठ मोठी केली. टीका सगळी सारखी नसते. वापरणाऱ्याची अडचण ही कामाची गोष्ट, बघणाऱ्याची पसंती ही गप्पांची. ही निवड जमली की लोकांसमोर काम करायला भीती वाटत नाही, आणि चांगली सूचना अहंकारापायी हुकतही नाही.

मला दुसरा न्यूनगंड होता तो पदवीचा. महामार्गाने अर्ध्या तासावर सावर्डे, आणि तिथे सह्याद्री शिक्षण संस्थेचं कला महाविद्यालय. तिथली मुलं पाठीला बोर्ड अडकवून निसर्गचित्रं काढायला निघत. गोवळकोटच्या धक्क्यावर, खाडीच्या काठाला, परशुरामाच्या वाटेवर ती दिसायची. मी त्यांच्याशी बोलायला कचरायचो. मी पेंटर, ते आर्टिस्ट, असं मनाशी धरलेलं. एका सुट्टीच्या दिवशी त्यांतल्या एकाने पाटी रंगवताना मला पाहिलं आणि हातकाठी कशी धरता ते दाखवा म्हणाला. हातकाठी म्हणजे टोकाला कापडाचा बोंडा बांधलेली काठी. डाव्या हाताने ती पत्र्याला टेकवायची आणि उजवं मनगट तिच्यावर विसावून रेघ ओढायची. त्याला ते शिकवलं. बदल्यात त्याने मला गोवळकोटला सोबत नेलं.

तिथे मी पहिल्यांदा रंगाकडे रंग म्हणून पाहिलं. तोवर हिरवा म्हणजे डब्यातला हिरवा. खाडीपलीकडची झाडी दुपारी राखाडी निळी होते, ओल्या हवेत लांबचा डोंगर फिका पडतो, जलरंग पावसाळ्यात लवकर सुकत नाही म्हणून थांबायला शिकावं लागतं, हे त्या मुलांनी मला दाखवलं. आणि आणखी एक गोष्ट दिसली. पदवी घेणाऱ्यांनाही धास्ती होतीच. सर मागे येऊन उभे राहिले की त्यांचेही हात थबकत. माझ्याकडे काय नाही ते तिथे कळलं: रचना, रंगाचा अभ्यास, मोठ्या चित्रकारांचं काम डोळ्यांखालून गेलेलं असणं. काय आहे तेही कळलं: न खोडता रेघ ओढणारा हात. 'मी कमी आहे' असं मोघम वाटणं माणसाला खचवतं. काय-काय कमी आहे याची यादी केली की तिचा अभ्यासक्रम होतो. मी वाचनालयात जाऊन जुने दिवाळी अंक चाळू लागलो. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 पासून आमच्या गावात आहे, आणि माझ्यासारख्याला तेच कॉलेज होतं. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं, कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षकं मी तासन्‌तास पाहायचो. शेडग्यांचं नुसतं अक्षर पाहून नाटक ऐतिहासिक की विनोदी हे ओळखू यायचं. अक्षरालाही अभिनय असतो, हे मला तिथे उमगलं. मी करतो ते काम हलकं नाही, ही खातरीही त्या पानांनीच दिली.

2005 च्या पुरानंतरच्या काही वर्षांत आमच्याकडे फ्लेक्स आला. चौरस फुटाच्या दराने, सकाळी सांगा आणि संध्याकाळी न्या. हाताने रंगवलेल्या पाटीला दिवस लागायचे, पावसाळ्यात तर त्याहून जास्त. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, इनॅमल सुकता सुकत नाही आणि दमट हवेत त्याची चकाकी जाते. ग्राहकाने फ्लेक्स निवडला तर त्याला दोष देण्यासारखं काही नव्हतं. काकांनी ब्रश ठेवला. मी कोरल ड्रॉ शिकायला घेतलं.

संगणकाने एक विचित्र अडचण आणली. पत्र्यावर रेघ एकदा ओढली की ओढली. इथे सगळंच मागे घेता येतं. शेकडो फॉन्ट, हवे तितके रंग, आणि प्रत्येक गोष्ट अजून थोडी बदलून पाहण्याची सोय. एका लग्नपत्रिकेपायी मी रात्र घालवू लागलो. पत्र्यासमोर कधी न वाटलेली अस्थिरता पडद्यासमोर वाटायची. पुढे लक्षात आलं की पाटी रंगवताना विचार आधी व्हायचा आणि हात नंतर चालायचा. संगणकावर हात आधी चालत होता आणि विचार त्याच्या मागून फरफटत येत होता. तेव्हापासून नियम केला. आधी कागद आणि पेन्सिल. काय सांगायचं, कुणाला, किती लांबून वाचलं जाणार, हे ठरेपर्यंत संगणक चालू करायचा नाही. ग्राहकापुढे नमुन्यांचा ढीग टाकायचा नाही. एक, फार तर दोन, आणि प्रत्येकामागचं कारण. दहा नमुने पुढे करणं म्हणजे ठरवायची जबाबदारी ग्राहकावर ढकलणं, आणि ग्राहकाला ते बरोबर समजतं.

या नियमाची कसोटी एका नमन मंडळाच्या कामात लागली. आमच्या भागात नमन-खेळे हा लोकनाट्याचा प्रकार म्हणजे गावाचा मान. मंडळाला नवा पडदा आणि नावाचा फलक हवा होता. बैठकीला सगळा गाव: मानकरी, मुंबईहून आलेले चाकरमानी, संकासुराचं सोंग घेणारा, मृदंग वाजवणारा. चाकरमान्यांना चकचकीत सोनेरी, थ्री-डी अक्षरं हवी होती. मी एकच रेखाटन नेलं होतं. जाड, उभी, मातीच्या लाल रंगातली अक्षरं आणि भोवती मोकळी जागा. कारण सांगितलं, की खेळ रात्री होतो, दिवे पात्रांवर असतात, सोंगांचे पोशाख आधीच रंगीबेरंगी असतात. मागचा पडदाही तेवढाच बोलू लागला तर पुढचा माणूस दिसणार नाही. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग संकासुर करणारा म्हणाला, "बरोबर हाय त्याचं. माझं सोंग काळं. मागं चकाकलं तर मी दिसायचा कसा?" रेखाटन मंजूर झालं. तिथे माझा आवाज चढला नव्हता आणि मी कुणाला गप्पही केलं नव्हतं. काम ज्याच्यासाठी होतं त्याची गरज मांडली, तेव्हा तोच माझ्या बाजूने उभा राहिला.

पैशाबद्दलही बोललं पाहिजे, कारण कलावंताचा आत्मविश्वास सगळ्यांत जास्त तिथेच पातळ होतो. मोल सांगताना मी वर्षानुवर्षं आधी समोरच्याचा चेहरा पाहायचो आणि मग आकडा बोलायचो. "अर्ध्या तासाचं तर काम" असं कुणी म्हटलं की गप्प. यावर उपाय अगदी साधा निघाला. मी कामाचे टप्पे वहीत मांडले: बोलणी, रेखाटन, मांडणी, दुरुस्त्या, छपाईवर देखरेख. प्रत्येकाचा वेळ लिहिला. आकडा त्यातून निघाला, चेहऱ्यातून नाही. बयाणा घेतल्याशिवाय काम सुरू करायचं नाही आणि दुरुस्त्या किती वेळा हे आधी ठरवायचं, हेही त्याच वहीत आलं. काही गिऱ्हाइकं गेली. जी राहिली त्यांनी पुढे दर विचारणं सोडून तारीख विचारायला सुरुवात केली. आपल्या श्रमाचा हिशेब आपणच केला नसेल तर मोल सांगताना आवाज कापणारच.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचं पाणी बाजारपेठेत शिरलं. तळमजले बुडाले. माझ्या दुकानातले संगणक, छपाईचे नमुने, जुन्या पाट्यांचे फोटो, काकांनी दिलेली ब्रशची पेटी, सगळं चिखलात गेलं. मी कोण आहे हे दाखवायला माझ्याकडे जे जे होतं ते एका दिवसात संपलं. गावात अनेकांचं याहून कितीतरी जास्त गेलं, वाचनालयाचंही मोठं नुकसान झालं, त्यामुळे रडायला सवडही नव्हती. गाळ उपसणं चालू होतं, वीज नव्हती, छपाईची यंत्रं बंद. तेवढ्यात एका औषध दुकानदाराने विचारलं, "दुकान चालू आहे एवढं तरी लिहून देशील?" प्लायवुडचा तुकडा, उसना रंग आणि घर रंगवायचा चपटा ब्रश. दोरी नव्हती, हातकाठी नव्हती. 'दुकान चालू आहे' ही अक्षरं हाताने सरळ उतरली. लांब जाऊन पाहिलं, जागा नीट पडल्या होत्या. मग दुसऱ्याने सांगितलं, तिसऱ्याने सांगितलं. त्या दिवसांत मी पैसे घेतले नाहीत, पण एक गोष्ट पक्की झाली. माझं काम त्या फायलींमध्ये नव्हतं. पूर्वी केलेलं पाण्यात गेलं, करण्याची रीत माझ्यापाशी राहिली. ज्यांना आपल्या पोर्टफोलिओबद्दल धाकधूक वाटते त्यांना मी हे आवर्जून सांगतो. फायली जपा, पण भरवसा तिथे ठेवू नका.

आता येणाऱ्या मुलांची लढाई वेगळी आहे. आमच्या वेळी तुलना बाजारपेठेतल्या दोन-तीन पेंटरांशी व्हायची. त्यांची सकाळ मोबाइलवर जगभरातलं उत्तमोत्तम काम पाहण्यात जाते आणि मग स्वतःचं काम उघडायचं धैर्य राहत नाही. मी त्यांना काही ठरावीक गोष्टी करायला लावतो. सकाळी आधी आपलं काम, दुसऱ्याचं नंतर. प्रत्येक कामावर तारीख घालून ते ठेवायचं, आणि सहा महिन्यांनी आजच्या कामाशेजारी मांडायचं; तुलना करायचीच तर स्वतःच्या मागच्या कामाशी. काम दोन माणसांना दाखवायचं, एक जाणकार आणि एक वाचणारा, आणि दोघांचं म्हणणं वेगवेगळ्या खात्यांत लिहायचं. मांडणीमागची कारणं ग्राहकाला भेटण्याआधी मोठ्याने बोलून पाहायची. जिथे कारण सापडत नाही, तिथे डिझाइन बदलायचं. 2022 मध्ये राज्याने लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची केली, तेव्हापासून मोडकी जोडाक्षरं आणि ताणून लांबवलेले फॉन्ट रस्त्यावर वाढले आहेत. ज्याला अक्षर कळतं त्याला पुढची अनेक वर्षं काम आहे, हेही मी त्यांना सांगतो.

आत्मविश्वास सरसकट येत नाही, हे मला उशिरा उमजलं. मला अक्षरांचा भरवसा आहे, मांडणीचा आहे. व्यक्तिचित्राचा नाही, आणि त्याचं दुःख नाही. प्रत्येक नव्या कामाचा भरवसा नव्याने कमवावा लागतो. सध्या मी बाजारपेठेतल्या जुन्या रंगवलेल्या पाट्यांच्या वळणावरून देवनागरी फॉन्ट करायला शिकतो आहे. आपण संगणकावर सहज वापरतो तो मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशींनी घडवला. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचे मुक्ता, बालू, मोदक हे फॉन्ट कुणालाही मोफत वापरता येतात. त्यांची एकेक जोडणी पाहिली की आपण कुठे उभे आहोत ते कळतं. शेकडो जोडाक्षरं, प्रत्येकाच्या मागे-पुढे बसणाऱ्या मात्रा आणि वेलांट्या. माझ्या मुलाच्या वयाची एक मुलगी मला फॉन्ट करण्याचं सॉफ्टवेअर शिकवते आणि मी तिला विद्यार्थ्यासारखे प्रश्न विचारतो. यातला भरवसा अजून माझ्याकडे नाही. पण तो कसा मिळतो ते ठाऊक आहे: आधी भरण्याचं काम, मग कडा, मग कारणं. म्हणून क, ग, त, न ही साधी अक्षरं आधी घेतली आहेत. जोडाक्षरांची पाळी त्यानंतर.